कंबर नापास झाली तेव्हा...

मैत्रिणींनो, परीक्षेत नापास होण्याची कारणं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. अभ्यास झाला नाही, पेपर अवघड होता, वेळ पुरला नाही. माझं कारण जरा वेगळं होतं. माझी कंबर नापास झाली!

लग्नात अर्धवट सुटलेलं बी.ए. पूर्ण करायचं म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. आम्ही पाचजणी एकत्र अभ्यास करायचो. अभ्यास जमत होता. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागायची आणि परीक्षेत दोन तासांनंतर कंबर अशी काही भरून आली, की पेपर अर्धवट टाकून उठले. येत असलेली उत्तरंही लिहिता आली नाहीत. घरी येऊन खूप रडले.

आमच्यातल्या एकीची नणंद शाळेत खेळाच्या बाई. त्यांच्याकडे गेलो आणि मी सुरुवातच केली, ‘‘बाई, दिवसभर घरात राबतो, अजून कसला व्यायाम करायचा?’’

त्या हसल्या. ‘‘अहो, राबणं वेगळं, व्यायाम वेगळा. तुम्ही रोज तेवढंच काम करता, म्हणून शरीर तेवढ्यापुरतंच तयार राहतं. व्यायामात भार हळूहळू वाढवायचा असतो आणि मध्ये विश्रांतीही द्यायची असते.’’

मग त्यांनी आमची परीक्षा घेतली. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा? माझं उत्तर नऊ! या चाचणीत साठी ओलांडलेल्या बाईकडूनही निदान बाराची अपेक्षा असते, हे ऐकल्यावर मी गप्पच झाले.

बाईंनी बारा आठवड्यांचं वेळापत्रक आखलं. त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर तपासून घ्यायला लावली. सोमवार, बुधवार, शुक्रवार भरभर चालणं. सुरुवात पंधरा मिनिटांनी, दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटांची वाढ. वेग किती? तर चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये! मंगळवारी आणि गुरुवारी खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. सगळं वहीत लिहायचं, गृहपाठासारखं.

पहिला आठवडा मांड्या अशा दुखल्या की विचारू नका. घरीही कुरबुर झालीच. ‘‘सकाळचा डबा कोण करणार?’’ सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘आई, तीन दिवस भाजी रात्रीच चिरून ठेवते, पोळ्यांचं तेवढं बघाल?’’ त्या काही बोलल्या नाहीत. पण बुधवारी आले तर कणीक भिजवलेली होती.

चौथ्या आठवड्यात एकजण गळाली. सासरे अंथरुणाला खिळलेले, घर सोडता येईना. मग खुर्चीचा आणि भिंतीचा व्यायाम तिने घरीच चालू ठेवला. आम्ही आळीपाळीने तिच्याकडे बसायचो, तेवढ्यात ती चालून यायची. वेळापत्रक माणसासाठी असतं, माणूस वेळापत्रकासाठी नाही.

शेवटच्या आठवड्यात चालणं चाळीस मिनिटांवर गेलं. मग आम्ही शनिवारही धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सांगितलेत. आमचा हिशेब तिथे पोचला होता.

मेंदूचंही एक सांगते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वयस्कर माणसं होती. वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी संबंधित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसतं ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र थोडा घटला. अर्थात चाललं की मार्क वाढले, असं काही नाही हं! अभ्यास करावाच लागतो.

बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा खुर्ची मांडली. तीस सेकंदांत चौदा! वजन म्हणाल तर जेमतेम एक किलो उतरलं. ‘‘एवढंच?’’ असं शेजारणीने विचारलंच. पण काटा जे सांगत नाही ते मला जिना सांगत होता.

राहिलेला पेपर मी पुन्हा दिला. पूर्ण तीन तास बसले, शेवटच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य लिहिलं आणि मगच उठले. निकाल लागला, पास झाले. पण खरं सांगू? त्या दिवशी उत्तरपत्रिका देऊन ताठ कंबरेने उठले ना, तेव्हाच माझा निकाल लागला होता.

तुमच्याही मनात एखादं अर्धवट शिक्षण असेल, तर पुस्तकं जरूर काढा. पण आधी एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, घड्याळ लावा आणि मोजा. तुमचा आकडा किती येतो?