मिठाच्या पाण्यातून क्लोरीन

पोहण्याच्या तलावात दर लिटरमागे सुमारे 3 ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या खारटपणाचा जेमतेम दहावा हिस्सा, विरघळवले की गाळणयंत्रापुढे जोडलेल्या कोशातील लेपित टायटॅनियम पट्ट्यांवर विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेच्या साहाय्याने होणाऱ्या रासायनिक फोडीने, क्लोरीन तयार होतो. 50,000 लिटरच्या तलावाला आरंभी 150 किलो मीठ लागले, तरी जंतुनाशनानंतर क्लोरीनचे पुन्हा क्लोराइडच होत असल्याने पुढे भर थोडीच घालावी लागते. ‘क्लोरीनमुक्त तलाव’ ही जाहिरात म्हणूनच निव्वळ थाप. खरी डोकेदुखी चुन्याची: ऋणाग्राजवळ, म्हणजे ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीजवळ, पाणी अल्कधर्मी होऊन पांढरी पुटे चढतात, आणि ती काढण्यासाठी वीज बंद करून पट्ट्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटेच बुडवाव्यात, धातूने खरवडू नयेत, अन्यथा महागडा लेपच निघतो. आम्ल पाण्यात ओतावे. आम्लात पाणी कधीही नाही.