सुरतेची चिठ्ठी

शाळेच्या इतिहासात सुरतेबद्दल आपण दोनच गोष्टी शिकतो. शिवाजी महाराजांनी ती लुटली आणि १९०७ साली तिथे काँग्रेस फुटली. दुसरीबद्दल सांगतात ते एवढंच, की जहाल आणि मवाळ यांचं पटेना, टिळक एकीकडे, गोखले दुसरीकडे, आणि कुणीतरी जोडा फेकला. बडोद्याहून सुरत गाडीने दोन तासांवर. मी तिथे कामासाठी कितीदा गेलो असेन, पण ही भानगड नेमकी कशावरून झाली हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. अलीकडे वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की मतभेद स्वराज्य आणि बहिष्कार यांवर होते हे खरं, पण ठिणगी पडली ती अध्यक्ष निवडण्यावरून.

तेव्हाचा काँग्रेसचा अध्यक्ष म्हणजे दरवर्षी डिसेंबरात भरणाऱ्या अधिवेशनाचा अध्यक्ष. त्याची निवड यजमान गावाची स्वागत समिती करायची. १९०६ साली कलकत्त्याला टिळकांचं नाव पुढे येतंय असं दिसताच मवाळांनी इंग्लंडहून एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाई नौरोजींना बोलावून घेतलं. दादाभाईंना नाही कोण म्हणणार? त्या वर्षी वेळ निभावली. स्वराज्य, बहिष्कार, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण हे चारही ठराव मंजूर झाले. त्याच अधिवेशनात नियमही झाला, की स्वागत समितीने तीन चतुर्थांश मतांनी अध्यक्ष निवडावा आणि ते जमलं नाही तर मध्यवर्ती समितीने निर्णय द्यावा.

पुढचं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथल्या जहालांना टिळक हवे होते, मवाळांना कलकत्त्याचे वकील डॉ. रासबिहारी घोष. तीन चतुर्थांशांचा हिशेब करायची वेळ येण्याआधीच सभा गोंधळात मोडली. जहाल तरुणांनी दांडगाई केली अशी मवाळांची तक्रार होती, आणि ती खोटी म्हणवत नाही. आमच्या घरात टिळकांची तसबीर आहे, तरी हे लिहायला हवं.

मग नोव्हेंबरात मध्यवर्ती समितीची बैठक फिरोजशहा मेहतांच्या मुंबईच्या बंगल्यावर झाली आणि अधिवेशनाचं गावच बदललं. नागपूरऐवजी सुरत. आता इथे थोडं थांबा. यजमान प्रांतातल्या माणसाला अध्यक्ष करायचं नाही असा काँग्रेसचा रिवाज होता. नागपूर मध्य प्रांतात होतं, सुरत मुंबई इलाख्यात, आणि टिळक मुंबई इलाख्याचे. म्हणजे गाव बदललं आणि उमेदवार आपोआप बाद झाला. त्यासाठी त्यांच्याविरुद्ध एकही मत द्यावं लागलं नाही.

मंडळांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना हसू येईल. सर्वसाधारण सभा लग्नसराईतल्या रविवारी भर दुपारी ठेवली की कोण येणार आणि कोण नाही हे आधीच ठरून जातं. नियम मात्र सगळे पाळलेले असतात.

जहालांनी मग लाला लजपतराय यांचं नाव सुचवलं. ते नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते. पण आपल्या नावावरून फूट पडू नये म्हणून त्यांनीच नकार दिला. त्यात कलकत्त्याचे चार ठराव सुरतेत पातळ केले जाणार अशी बातमी पसरली. मसुदे मागूनही वेळेवर हातात मिळेनात, त्यामुळे संशय वाढतच गेला.

२६ डिसेंबरला तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये अधिवेशन सुरू झालं. सोळाशेहून अधिक प्रतिनिधी आले होते. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांचं भाषण झालं. घोष यांचं नाव मांडलं दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी. हे आपल्या बडोदा संस्थानाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले, आणि ज्यांच्या आवाजाने मैदानं गाजायची त्यांचा एक शब्दही कुणाला ऐकू येईना, एवढा आरडाओरडा झाला. सभा तहकूब करावी लागली.

दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरायच्या वेळी टिळकांनी माळवींना एक चिठ्ठी पाठवली. अध्यक्षांच्या नावाला अनुमोदन झालं की मला प्रतिनिधींशी बोलायचं आहे, तहकुबीची सूचना आणि एक विधायक प्रस्ताव मांडायचा आहे, माझं नाव पुकारावं, एवढाच मजकूर. चिठ्ठीला उत्तर आलं नाही. अनुमोदन झालं, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, घोष निवडून आल्याचं जाहीरही झालं. तेव्हा टिळक उठून व्यासपीठावर चढले. माळवींनी त्यांना नियमबाह्य ठरवलं. टिळक हाताची घडी घालून सभेकडे तोंड करून उभे राहिले आणि हलेनात.

त्यांना खाली खेचायला काही तरुण धावले, तेव्हा टिळकांना वाचवायला दोन्ही हात पसरून आडवे आले ते गोपाळ कृष्ण गोखले. हेन्री नेव्हिन्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराने हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. पुण्याच्या या दोघांचं वैर आपण इतक्या चवीने सांगतो, त्यात हे दृश्य कसं काय गळून जातं कोण जाणे.

एवढ्यात तो जोडा आला. मराठी वळणाचा, लाल कातड्याचा, टोकदार. सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून तो मेहतांवर आदळला. मग काठ्या, खुर्च्या, पागोटी. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

माळवींनी पाच मिनिटं दिली असती तर? सुरतेत बहुमत मवाळांचंच होतं. टिळक बोलले असते, सूचना पडली असती आणि घोष अध्यक्ष झालेच असते. मला तरी मवाळांची ही चूक मोठी वाटते, कारण हरणाऱ्याला बोलू देणं जिंकणाऱ्यालाच परवडतं. पण दुसरी बाजूही स्वच्छ नव्हती. अरविंद घोष यांनी पुढे स्वतःच लिहिलं, की काँग्रेस मोडण्याला कारण झालेला हुकूम टिळकांना न विचारता आपण दिला होता. हे अरविंदबाबू म्हणजे आपल्या बडोदा कॉलेजातले प्राध्यापक. सुरतेहून ते बडोद्याला आले, विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला भेटले आणि सरदार मजूमदारांच्या वाड्यातल्या एका लहानशा खोलीत तीन दिवस ध्यानाला बसले. दांडिया बाजार, सूरसागर या भागात वाढलेल्या कितीजणांना ही खोली सुरतेच्या गोंधळाशी जोडलेली आहे हे ठाऊक असेल?

मवाळांनी लगेच वेगळी परिषद भरवली आणि पुढच्या एप्रिलमध्ये अलाहाबादेला काँग्रेसची घटना लिहून काढली. साम्राज्यातल्या इतर वसाहतींसारखं स्वराज्य, तेही सनदशीर मार्गानेच, हे मान्य असेल त्यालाच दार उघडं. जहाल बाहेर राहिले. सरकारने संधी साधली. २४ जून १९०८ ला टिळकांना अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. परत आले ते १९१४ मध्ये. गोखले आणि मेहता दोघेही १९१५ मध्ये वारले. काँग्रेस पुन्हा एक झाली १९१६ मध्ये लखनौला, म्हणजे नऊ वर्षांनी.

आणि ज्या खुर्चीवरून हे सगळं झालं ती? १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी टिळक रीतसर निवडले गेले. पण व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या खटल्यासाठी त्यांना इंग्लंडला जावं लागलं. दिल्लीत त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय बसले.