शेवटची दोन नावे

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘नेचर’मध्ये गुगलच्या सिकॅमोर या क्वांटम चिपवरचा शोधनिबंध आला. लेखकांची नावे सत्तरच्या वर, आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली. शेवटची दोनच त्या क्रमात बसत नाहीत : हार्टमुट नेव्हन आणि जॉन मार्टिनिस. पहिले गुगलच्या क्वांटम विभागाचे प्रमुख. दुसरे सांता बार्बराचे प्राध्यापक, २०१४ मध्ये आपल्या चमूसकट गुगलमध्ये आलेले, चिप घडवणाऱ्यांचे म्होरके.

त्या चिपवर ५४ क्युबिट, म्हणजे क्वांटम गणनेचे मूळ घटक, होते. एक चाललाच नाही, म्हणून प्रयोग ५३ वर झाला. त्याआधी मार्च २०१८ मध्ये गुगलचीच ७२ क्युबिटची ब्रिसलकोन चिप जाहीर झाली होती. गाजली मात्र ही लहान चिप. तिच्यात शेजारच्या क्युबिटांमधला दुवा हवा तेव्हा जोडता-तोडता येत होता, त्यामुळे एकाची लुडबुड दुसऱ्याला कमी व्हायची. आकडा घटला तरी चालेल, चुका घटल्या पाहिजेत, असे म्हणायला प्रमुखाच्या अंगी धमक लागते. (जाहिरात खात्याला ७२ च आवडणार!) जे गणित महासंगणकाला १०,००० वर्षे पुरेल ते २०० सेकंदांत केले, असा गुगलचा दावा होता, आयबीएमने लगेच सुनावले, अडीच दिवस पुरे.

सहा महिन्यांत, एप्रिल २०२० मध्ये, मार्टिनिस बाहेर पडले. नेव्हन यांच्याशी खटके उडाले होते आणि आपल्याला नेतृत्वावरून काढून सल्लागार केले होते, हे त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितले. मला यात निव्वळ मानापमान दिसत नाही. चिप ज्या शीतयंत्रात टांगतात तिथले तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा जेमतेम पन्नासावा भाग. ते गाठायला दिवस जातात, आणि खोलीतल्या उपकरणांपासून खाली चिपपर्यंत नियंत्रणाच्या तारा न्याव्या लागतात. एकदा जोडणी ठरली की दहा जणांच्या दहा कल्पना तिथे मावत नाहीत. कुणाला तरी ‘नाही’ म्हणावेच लागते. आणि हुशार संशोधक ‘नाही’ ऐकायला नोकरीला लागलेले नसतात.

मार्टिनिस स्वतः घडले ते अगदी छोट्या चमूत. १९८४-८५ मध्ये बर्कलेला जॉन क्लार्क यांच्या प्रयोगशाळेत ते विद्यार्थी होते, मिशेल डेव्होरे पीएचडीनंतरचे संशोधक. तिथे केलेल्या कामाला २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल तिघांत मिळाले. डेव्होरे यांच्याकडेच येलला पीएचडी केलेले आर. विजय आज कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये प्रयोगशाळा चालवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पार पडल्याचे जाहीर झाले : क्युबिट कुलाब्याचे, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेची, क्लाउडवरून तो वापरण्याची सोय टीसीएसची. तीन घरे, तीन वरिष्ठ. सहा क्युबिटांपुरते जमले, हे कौतुकाचेच. पण २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटांपर्यंत जायचे आहे. तेव्हा शीतयंत्रात कोणाची चिप आधी जाणार आणि कोणाची थांबणार, हे ठरवणारा माणूस आताच नेमलेला बरा.