आधी सांगाडा की आधी सुटे भाग?

नवी तिफण करून घ्यायला कोणी सुताराकडे गेला, तर सुतार पहिला प्रश्न कोणता विचारतो? "किती इंची हवी?" बारा इंची की अठरा इंची, म्हणजे दोन फणांमधले अंतर किती, हे एकदा कळले की आडव्या लाकडाची लांबी, भोकांच्या जागा, नळ्यांचा कल हे सारे त्याला त्यातून काढता येते. पण फणाचे लोखंडी टोक तो स्वतः घडवीत नाही. ते लोहाराकडून किंवा बाजारातून जसे येईल तसे घेतो आणि लाकूड त्याच्या बेताने तासतो. म्हणजे एकाच अवजारात काही मापे वरून खाली उतरतात आणि काही खालून वर चढतात. सुताराला हे कोणी शिकवावे लागत नाही. पण हेच काम संगणकावर करावयास बसलेला विद्यार्थी मात्र येथे हमखास अडखळतो.

संगणकाच्या साहाय्याने यंत्राचा आराखडा करण्याच्या विद्येला थोडक्यात कॅड म्हणतात. पडद्यावर वस्तूचा घन आकार तयार होतो, तो चहूबाजूंनी फिरवून पाहता येतो, आणि त्यावरूनच पुढे कारखान्यात भाग कापले जातात. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम रचला. त्यात एक मूळ चित्र काढावयाचे, त्याच्या हव्या तितक्या नकला मांडावयाच्या, आणि मूळ चित्रात बदल केला की सर्व नकला आपोआप बदलावयाच्या, अशी सोय होती. एके ठिकाणी केलेला बदल कोठेकोठे पोचावा, हा प्रश्न या विद्येच्या पाळण्यातलाच आहे म्हणा ना!

खालून वर जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक सुटा भाग वेगळ्या फाइलीत, स्वतःच्या मापांनी काढतात. मग जुळणीची एक निराळी फाइल उघडून तीत ते भाग आणतात आणि त्यांची नाती सांगतात. हा दांडा त्या भोकाच्या मधोमध बसू दे, ही बाजू त्या बाजूला टेकू दे, अशी. भागाला स्वतःला शेजाऱ्याची काही खबर नसते. बाजारातून विकत आणलेल्या वस्तूंना हीच पद्धत योग्य. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग घ्या. आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. तुमच्या यंत्रासाठी ते काही बदलणार नाही. तुमच्या दांड्यानेच त्याच्याकडे पाहून आपली जाडी ठरवावयाची.

आता ट्रॅक्टरमागे चालणारे पाच फणांचे पेरणी यंत्र डोळ्यांपुढे आणा. सोयाबीनसाठी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरले, तर पाच फणांत चार अंतरे, म्हणजे पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत १८० सेंटिमीटर झाले. उद्या गिऱ्हाईक म्हणाले, "मला हरभऱ्यासाठी ३० सेंटिमीटरचे करून द्या," तर तेच माप १२० वर येते. त्याबरोबर चौकट आखूड होते, बियाण्याची पेटी आखूड होते, बी सोडणारा दांडा आखूड होतो, पेटीच्या तळाची छिद्रे सरकतात, प्रत्येक फणाची पकड सरकते. सुट्या भागांच्या पद्धतीने काम केले असेल, तर या साऱ्या फाइली एकेक करून उघडा आणि दुरुस्त करा. त्यांतली एक जरी नजरचुकीने राहिली, तरी पेटीची छिद्रे जुन्या जागी आणि नळ्या नव्या जागी! आणि ही चूक पुष्कळदा ध्यानात येते ती पत्रा कापून झाल्यावर.

वरून खाली येणाऱ्या पद्धतीत आधी यंत्राचा नुसता सांगाडा आखतात. त्यात लोखंड नाही, पत्रा नाही. काही रेषा, काही बिंदू, आणि "ओळींतले अंतर" असे नाव दिलेले एक माप. चौकट, पेटी, दांडा हे भाग आपली लांबी या सांगाड्याकडून घेतात. ४५ पुसून ३० लिहिले की सारे आपापल्या जागी येतात. बेअरिंग तेवढे होते तसेच राहते, आणि ते तसेच राहायला हवे.

बदलाची बातमी वाटेत अडली तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण युरोपात घडले आहे. एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या विजेच्या तारा असतात. धडाचे काही भाग तारांसह जर्मनीत हँबुर्ग येथे तयार होत, आणि अखेरची जुळणी फ्रान्समध्ये तुलूझ येथे होई. जर्मनीतील मंडळी कॅटिया या प्रोग्रॅमची जुनी चौथी आवृत्ती वापरीत, फ्रान्समधील मंडळी पाचवी. या दोन आवृत्त्यांत माहितीची देवघेव नीट होईना, म्हणून आराखड्यातले बदल तारांच्या आराखड्यापर्यंत धड पोचले नाहीत. जुळणीच्या वेळी कित्येक तारा जागी बसेनात, काही तर लांबीला अपुऱ्या पडल्या. २००६ साली कंपनीला विलंबामागून विलंब जाहीर करावा लागला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी, मूळ बेतापेक्षा वर्षाहून अधिक उशिराने. सामायिक आराखडा हवा, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. पण नुसते ठाऊक असून भागत नाही.

मग प्रत्येक वेळी वरूनच खाली यावे, असे तुम्ही म्हणाल. थांबा! या पद्धतीचा लोभ फार झाला की तीच उलटते. नवशिका विद्यार्थी पेटीची रुंदी चौकटीवरून घेतो, चौकटीची पकडीवरून, आणि पकडीची पुन्हा पेटीवरून. मग संगणक गोल फिरत राहतो किंवा चूक दाखवून थांबतो. कोणी मधलाच एक भाग पुसून टाकला, तर त्याच्यावर टेकलेले दहा भाग पोरके होतात आणि सारा पडदा तांबड्या खुणांनी भरतो.

त्याहून वाईट चूक ती, जी पडद्यावर दिसतच नाही. फणाची पकड चौकटीच्या जाडीशी बांधलेली आहे, समजा. दोन वर्षांनी कारखानदाराने चौकट जाड केली. पकडही मुकाट्याने बदलली. नाव तेच, क्रमांक तोच. आणि मृग लागता लागता ज्याची जुनी पकड तुटली तो शेतकरी त्या क्रमांकाची नवी पकड घेऊन घरी जातो, तर ती बसतच नाही. वापसा येऊन जातो, पेरणी रखडते. संगणकाने सांगितलेले काम चोख केले. पण ज्याचे यंत्र आधीच विकले गेले आहे त्याचा विचार कोणी करावयाचा?

म्हणून माझे मत असे की, निवड करताना एकेका मापाला दोन प्रश्न विचारावेत. हे माप बदलले तर किती भागांना कळावयास हवे? आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? ओळींतले अंतर पुष्कळ भागांना कळावयास हवे आणि ते आपल्या हाती आहे. त्याची जागा वर, सांगाड्यात. बेअरिंग, नटबोल्ट आणि ट्रॅक्टरच्या जोडणीची प्रमाणित मापे आपल्या हाती नाहीत; ती खालून येतात. सुटा म्हणून विकावयाचा भाग स्वतःच्या पायावर उभा असलेला बरा. त्याचे माप सांगाड्यावरून घेतले असेल, तर विक्रीला काढण्यापूर्वी तो दुवा तोडून माप कायम करून टाकावे, आणि पुढे बदल झालाच तर नवा क्रमांक द्यावा. बाकी जे भाग सांगाड्यावर अवलंबून असतील त्यांनी वर सांगाड्याकडेच पाहावे. शेजारच्या भागाकडे डोकावू नये. एवढी एक शिस्त पाळली की निम्मी डोकेदुखी जाते.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी हे करून पाहण्यासारखे आहे. त्याला महागडे सामान लागत नाही. फ्रीकॅड हा प्रोग्रॅम मोफत मिळतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीपासून जुळणीची सोय त्यातच आहे. त्यात मापांचा तक्ता करता येतो. तक्त्यातल्या घराला "अंतर" असे नाव देऊन तेच माप भागांना लावता येते. वर्गाच्या दोन तुकड्या करा. एकीने हे पाच फणांचे यंत्र सुट्या भागांनी उभारावे, दुसरीने सांगाड्यावरून. मग ४५ चे ३० करायला सांगा. दुसरी तुकडी मिनिटात मोकळी होईल. त्यानंतर दोघींनाही सांगा की त्यातली एक पकड उचलून सात फणांच्या दुसऱ्या यंत्राला बसवा. या खेपेला पहिली तुकडी आधी हात झाडून उठते.