वसईचा कोट : इतिहास आणि जतन

उल्हास खाडी अरबी समुद्रास जेथे मिळते, तेथे उत्तर काठावर वसईचा कोट उभा आहे. इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांनी केवळ ठाणे न बांधता दहा बुरुजांचा तट उभारून संपूर्ण बंदरी नगरच कोटबंद केले. सागराकडे एक व जमिनीकडे एक असे त्याचे दोन मुख्य दरवाजे आहेत. पाणी व दलदल यांनी वेढलेला हा कोट जिंकणे दुष्कर होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने जमिनीकडील तटास सुरुंग लावून खिंडार पाडले, तेव्हा पोर्तुगीज शरण आले.

आज या तटाचा शत्रू निराळा आहे. वड-पिंपळाची मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरून दगड विलग करतात. वरवर फांद्या तोडल्यास बुंधा पुन्हा फुटतो. म्हणून मुळांचा बंदोबस्त करून सांधे चुन्यानेच भरावे लागतात. सिमेंट कठीण असल्याने ओल आत कोंडते व दगडच झिजू लागतो.

हा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा कायदा व २०१० ची सुधारणा यांनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून पुढील २०० मीटरमध्ये पूर्वपरवानगी आवश्यक आहे. तथापि कायद्याला नागरिकांच्या दक्षतेची जोड हवी. तटाचा निखळलेला एक चिरा घरी नेणे म्हणजे पुढच्या पिढीचा वारसा उणा करणे होय.