राम सुतार यांची सार्वजनिक शिल्पे : स्थळ, साचा आणि उंची

प्रास्ताविक

मूर्ती, पुतळा आणि शिल्प हे तीन शब्द आपण बोलताना अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु व्यवहारात त्यांच्या सीमा बऱ्याच स्पष्ट आहेत. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचे अनावरण होते आणि शिल्पाचे प्रदर्शन मांडले जाते. देवळातील मूर्ती प्रतिष्ठापनेनंतर सहसा हलवली जात नाही. चौकातील पुतळा रस्तारुंदीत हलू शकतो, आणि प्रदर्शनातील शिल्प तर एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्यासाठीच असते. म्हणजे या तीन शब्दांमधील भेद केवळ कारागिरीचा नाही; कलाकृतीचे आपल्या जागेशी असलेले नाते त्यात दडलेले आहे.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९ फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मलेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये वयाची शंभरी ओलांडून निवर्तलेले शिल्पकार राम वनजी सुतार यांच्या कामाचा विचार प्रस्तुत लेखात याच नात्याच्या अंगाने करावयाचा आहे. त्यांच्या हातचे काम जितक्या देशांत पोहोचले तितके अन्य कोणा मराठी शिल्पकाराचे क्वचितच पोहोचले असेल. तथापि वर्गात त्यांचे नाव काढले की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'किती फूट?' हा प्रश्न अगदीच चुकीचा आहे असे नाही. परंतु तो पहिला असू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गोंदूर ते वेरूळ

सुतारांचे आडनाव हेच त्यांच्या घरातील व्यवसायाचेही नाव होते. लाकूड आणि लोखंड या दोन्ही माध्यमांची ओळख त्यांना घरातच झाली. श्रीराम कृष्ण जोशी या कलाशिक्षकांनी त्यांचे गुण हेरले आणि त्यांना मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची वाट दाखवली. तेथे शिल्पकलेत सुवर्णपदक मिळवल्यानंतर १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व विभागाच्या सेवेत त्यांनी अजिंठा आणि वेरूळ येथील भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे दिल्लीत केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्यात अल्पकाळ नोकरी करून १९५९ मध्ये त्यांनी तीही सोडली.

यांतील वेरूळची वर्षे विशेष महत्त्वाची मानली पाहिजेत. कलाशाळेत विद्यार्थी मातीकाम शिकतो. मातीकामात आकार आतून बाहेर वाढत जातो. गोळ्यावर गोळा चढतो, चुकले तर काढता येते. कोरीव कामात नेमके उलटे घडते. दगड कमी होत जातो आणि निघालेली कपची परत बसत नाही. नाशिककरांना हे वेगळे सांगावयास नको. पांडवलेणीत उभे राहिले की खांब, छत आणि मूर्ती हे सारे एकाच डोंगरातून 'उरलेले' आहे, हे ध्यानात येते. मातीचे संस्कार मुंबईतून आणि दगडाचे संस्कार वेरुळातून घेतलेला हा तरुण होता. पुढील साठ-पासष्ट वर्षांत यांपैकी एका संस्काराने दुसऱ्यावर जवळजवळ पूर्ण मात केली, ही माझ्या दृष्टीने या कारकिर्दीतील खरी घडामोड आहे.

चंबळ

मध्य प्रदेशात चंबळ नदीवरील गांधीसागर धरण १९६० मध्ये पूर्ण झाले. या धरणाजवळ सुतारांनी घडवलेली चंबळदेवी उभी आहे. उंची सुमारे ४५ फूट. सोबत दोन बालके. एक मध्य प्रदेश आणि दुसरे राजस्थान. दोन राज्यांना एकाच नदीचे पाणी मिळणार, ही प्रशासकीय वस्तुस्थिती येथे माता आणि लेकरे या रूपात सांगितली आहे. कल्पना साधी आहे, किंबहुना शालेय पाठ्यपुस्तकात शोभावी इतकी सरळ. परंतु ती ज्या रीतीने साकारली ती रीत साधी नाही. सुतारांनी सलग काँक्रीटचा एक प्रचंड ठोकळा घेऊन त्यातून छिन्नीने ही आकृती कोरून काढली.

काँक्रीट हे ओतण्याचे द्रव्य आहे. साचा करावा, ओतावे, साचा काढावा, असा त्याचा नेहमीचा क्रम. ते आधी ओतून घट्ट होऊ देणे आणि मग कातळासारखे कोरणे, यात वेरूळची आठवण स्पष्ट दिसते. धरण बांधणाऱ्यांचेच द्रव्य देवीसाठी वापरल्यामुळे धरण आणि देवी एकाच जातीच्या वस्तू झाल्या आहेत. ठोकळ्याचा सलगपणा टिकवावयाचा असल्याने हातपाय दूरवर फेकता येत नाहीत. आकृती आपल्या अंगातच गोळा झालेली राहते. लेकरे आईला बिलगलेली आहेत, यामागे भावनेइतकेच हे तांत्रिक कारणही आहे. आणि असे जागेवरच कोरलेले काम अन्यत्र नेता येत नाही, त्याची प्रत काढून परदेशी भेटही देता येत नाही. सुतारांच्या मोठ्या कामांत हे आज कदाचित सर्वांत कमी पाहिले जाते. माझ्या मते मात्र शिल्प म्हणून ते त्यांचे सर्वश्रेष्ठ काम आहे.

साच्यातून निघालेले गांधीजी

याच्या अगदी विरुद्ध टोकाला त्यांचा गांधीजींचा अर्धपुतळा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने आणि त्यानंतरही भारत सरकारने या अर्धपुतळ्याच्या प्रती अनेक देशांना भेट दिल्या. येथे ब्राँझच्या ओतकामाची पद्धत थोडक्यात समजून घेतली पाहिजे. शिल्पकार मातीत मूळ आकृती घडवतो. तिच्यावरून प्लास्टरचा साचा निघतो, साच्यातून मेणाची पोकळ प्रत निघते, मेणाभोवती उष्णता सोसणारे आवरण चढते. ते भाजताना मेण वितळून वाहून जाते आणि रिकाम्या झालेल्या जागेत ब्राँझचा रस ओतला जातो. आपल्याकडील जुन्या ग्रंथपरंपरेत या पद्धतीला मधूच्छिष्ट विधान असे नाव आहे. मेणाची प्रत दर वेळी नष्ट होते; परंतु मूळ साचा शाबूत असेल तर नवे मेण काढता येते. म्हणजे येथे 'मूळ' कलाकृती कोणती, हा प्रश्नच शिथिल होतो. छापील पुस्तकाच्या प्रतींविषयी आपण असा प्रश्न विचारत नाही, तसेच काहीसे हे आहे.

अशा प्रतीला जागेचा अर्थ जन्मतः नसतो. तो ती जेथे जाते तेथून मिळतो. १४ डिसेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयाच्या उत्तरेकडील हिरवळीवर सुतारांनी घडवलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. मे २०२३ मध्ये हिरोशिमा येथे मोतोयासु नदीकाठी, अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या वास्तूच्या परिसरात, त्यांचाच ४२ इंचांचा ब्राँझचा अर्धपुतळा बसवण्यात आला. ४२ इंच म्हणजे साडेतीन फूट. पण समोर तो घुमटाचा उघडा सांगाडा असताना या चेहऱ्याला आणखी उंचीची गरज उरत नाही. राष्ट्रसंघाच्या हिरवळीवर गांधीजी सन्माननीय पाहुण्यासारखे आहेत. हिरोशिमात ते साक्षीदार होतात. हा फरक शिल्पकाराने केलेला नाही, स्थळाने केलेला आहे.

तुलनेसाठी लंडनमधील टॅव्हिस्टॉक चौकातील गांधीजी पाहण्यासारखे आहेत. पोलंडमधील वुड्ज येथे जन्मलेल्या शिल्पकर्त्री फ्रेडा ब्रिलियंट यांनी घडवलेला हा बैठा पुतळा १९६८ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या हस्ते अनावृत झाला. गांधीजी ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले ते या चौकाच्या जवळच आहे, म्हणजे स्थळ आधीच बोलके होते. शिवाय चौथऱ्यात फुले ठेवण्यासाठी एक पोकळी मुद्दाम राखलेली आहे. पुतळ्याला किंचित मूर्तीकडे नेणारी ही सोय एका पोलिश स्त्रीने लंडनमध्ये करावी, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

हलवलेला पुतळा

सुतारांच्या गांधीजींपैकी स्थळाशी सर्वाधिक एकरूप झालेला पुतळा दिल्लीतील आहे. संसद भवनाच्या आवारातील हा १६ फूट उंचीचा ध्यानस्थ बैठा पुतळा २ ऑक्टोबर १९९३ रोजी अनावृत झाला. मिटलेले डोळे, सैल पडलेले खांदे, मांडीवर विसावलेले हात. त्यात वक्तृत्व नाही. तरीही सर्व पक्षांचे खासदार निदर्शनांसाठी त्याच्याच पायाशी जमू लागले. प्रवेशद्वाराजवळच्या त्या जागेला तीन दशकांत एक अलिखित संसदीय दर्जा प्राप्त झाला होता. नव्या संसद भवनाच्या बांधकामात हा पुतळा प्रथम आवारातच सरकला आणि २०२४ मध्ये अन्य नेत्यांच्या पुतळ्यांसमवेत 'प्रेरणा स्थळ' येथे नेण्यात आला. विरोधी पक्षांनी त्यास आक्षेप घेतला. पुतळ्याला काही इजा झाली नाही, ब्राँझ तेच आहे, चेहराही तोच आहे. मग नेमके काय हलले, याचे उत्तर शिल्पशास्त्राइतकेच राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनीही द्यावयास हवे.

उंचीचे गणित

आता फुटांच्या प्रश्नाकडे वळू. कोणत्याही आकृतीची उंची दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट आणि घनफळ आठपट होते. वारा पृष्ठभागावर आदळतो, वजन घनफळाप्रमाणे वाढते. म्हणून लहान पुतळा स्वतःच्या अंगबळावर उभा राहतो. मोठ्या पुतळ्याला आत स्वतंत्र सांगाडा लागतो आणि ब्राँझ केवळ कातडीसारखे बाहेर उरते. अतिविशाल पुतळा तर वस्तुतः पुतळ्याचे वस्त्र ल्यालेली इमारत असते.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडिया येथे लोकार्पण झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा हे याचे टोकाचे उदाहरण. सुतारांनी लहान प्रतिकृतीपासून ३० फुटांच्या प्रतिकृतीपर्यंत चेहरा, धोतराच्या चुण्या आणि उभे राहण्याची ढब निश्चित केली. पुढील वाढ संगणकाने केली आणि ब्राँझचे तुकडे चीनमधील ओतशाळेत तयार झाले. आत काँक्रीटचे दोन उंच गाभे आहेत आणि वाऱ्याने येणारे दोलन शमवण्यासाठी प्रत्येकी २५० टनांची दोन वजने. सर्वसाधारणपणे उंच स्मारक पायाशी रुंद असते. येथे धोतर नेसलेला, पाऊल पुढे टाकणारा माणूस असल्याने पायांशी आकृती अरुंद आणि खांद्यांशी रुंद झाली. स्थापत्यतज्ज्ञांची ही अडचण शिल्पकाराने सोडवली नाही, उलट निर्माण केली. पण त्या चालण्याच्या ढबीमुळेच तो पुतळा खांबासारखा दिसत नाही, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यात मांगीतुंगी येथे डोंगराच्या अखंड कातळातून कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली. बंगळुरूच्या विमानतळावरील सुतारांचा केंपेगौडा यांचा ब्राँझचा पुतळा, अनावरण २०२२, हाही १०८ फुटीच. आकडा एकच, परंतु पहिल्या कामात डोंगर कमी झाला आहे, दुसऱ्यात तुकडे जोडून आकृती वाढवली आहे. फुटांची पट्टी या दोहोंत भेद करू शकत नाही.

जोडकामाची जोखीम कोकणाने पाहिली आहे. मालवणजवळ राजकोट येथील, डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष जोडणी या बाबी पुढे आल्या. खाऱ्या वाऱ्यात आतले लोखंड आधी जाते, बाहेरचे ब्राँझ पुष्कळ काळ निर्धास्त दिसत राहते. त्या जागी २०२५ मध्ये उभारलेला ६० फुटी पुतळा सुतारांच्या कार्यशाळेचा आहे.

दादरला चैत्यभूमीजवळ इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे कामही याच कार्यशाळेकडे आले. ३५० फुटांचा पुतळा, १०० फुटांचा चौथरा. सुतारांच्या निधनसमयी तो पूर्ण झालेला नव्हता. येथे समुद्राचा वारा राजकोटसारखाच खारा आहे, आणि दर वर्षी ६ डिसेंबरला येणाऱ्या लाखो लोकांमुळे त्या स्थळाला पुतळ्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःचा अर्थ आहे. ही माणसे उभी राहतील ती पायथ्याशी, मान वर करून. आणि इतक्या खालून पाहताना डोके लहान भासते, म्हणून शिल्पकार वरचा भाग प्रमाणापेक्षा किंचित मोठा ठेवतो. ही दुरुस्ती किती ठेवायची हे संगणकाला आधी कोणीतरी सांगावे लागते, आणि ते मातीच्या प्रतिकृतीसमोर उभे राहूनच ठरते.