तापात जोर-बैठका काढाव्यात का?

"घाम निघाला की ताप उतरतो," असे म्हणून पुष्कळ गडी तापातही तालमीत जातात. मीही तरुणपणी एकदा गेलो. दहा बैठकांतच डोळ्यांपुढे अंधारी आली. मग आठ दिवस अंथरूण धरले.

असे का होते? तापात अंग आधीच रोगाशी झुंजत असते. नाडी जलद चालते. अंगातले पाणी कमी होते. त्यात बैठका काढल्या, की हृदयावर दुप्पट ओझे पडते. कधी कधी रोगाचे जंतू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. तेव्हा जोर काढणे जिवावर बेतू शकते. मग गडी पैलवान का असेना!

नुसते नाक वाहते, ताप नाही, तर थोडे चालायला हरकत नाही. पण ताप १०० अंशांच्या वर गेला, अंग मोडून आले, छातीत कफ भरला किंवा जुलाब लागले, तर तालीम बंद. कुदळ-फावडेही बंद. खाडा पडला की मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरी बंद.

ताप गेल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. मग निम्म्याच बैठका काढा. छातीत दुखले, धडधडले किंवा फार धाप लागली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.